शुश्रूषा करणाऱ्यांचे काय?

वृद्धांचा विषय निघाला की मराठी मध्यमवर्गातील चर्चा एका ठरावीक वळणाने जाते. मुले परदेशी, सून नोकरीला, एकत्र कुटुंब मोडले, संस्कार लोपले. १९७० मध्ये ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आले, तेव्हापासून कृतघ्न अपत्य हेच वार्धक्याच्या शोकांतिकेतले आपले मान्यताप्राप्त खलपात्र होऊन बसले आहे. २००७ साली संसदेने केलेला आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदाही याच गृहीतकावर उभा आहे. निर्वाहखर्चासाठी न्यायाधिकरण आणि वृद्धाला वाऱ्यावर सोडणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, अशी त्याची रचना. तशी मुले समाजात आहेत आणि त्यांना बडगा दाखवायलाच हवा. पण जी घरे आपल्या म्हाताऱ्यांना टाकून देत नाहीत, उलट त्यांचे करता करता स्वतःच मोडून पडतात, त्यांच्यासाठी या कायद्यात काय आहे? जवळजवळ काहीच नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठी ओलांडलेले लोक दहा कोटींहून अधिक होते. महाराष्ट्रात त्यांचे प्रमाण सुमारे दहा टक्के होते. २०५० पर्यंत देशातील दर पाचांत एक जण ज्येष्ठ असेल, असे संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा २०२३ चा अहवाल सांगतो. हे आकडे भाषणांतून बरेचदा ऐकू येतात. मात्र साठीचा प्रत्येक माणूस परावलंबी नसतो. किंबहुना सकाळच्या बागेतील हास्यक्लब पाहिले तर तरुणांनाच दम लागावा! खरा प्रश्न आहे तो पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्यांचा, खुब्याचे हाड मोडून उठू न शकणाऱ्यांचा, स्मृतिभ्रंशामुळे मध्यरात्री दार उघडून बाहेर पडणाऱ्यांचा. रुग्णालय त्यांना आठ-दहा दिवसांनी घरी पाठवते. पुढची पाच वर्षे घराने पाहायची असतात.

हे ‘पाहणे’ म्हणजे नक्की काय, हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाही तर पाठीला जखमा होतात. नळीतून अन्न भरवायचे, लघवीची पिशवी रिकामी करायची, लंगोट बदलायचे, आणि हे सारे करताना रुग्णाची चिडचिडही सोसायची. सलग झोप अशी नाहीच. हे कोण करते, याचे उत्तर २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात आहे. १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातल्या कोणाच्या तरी देखभालीत गुंतलेल्या आढळल्या, पुरुष सुमारे २१ टक्के. स्त्रियांचा वेळ दिवसाला सुमारे १४० मिनिटे, पुरुषांचा ७४. यात मुलांचे संगोपनही आले, हे खरे. परंतु या आकड्यांचा वयोगट एकोणसाठीला संपतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या नवऱ्याला एकटीने कुशीवर वळवणारी बहात्तर वर्षांची पत्नी त्यात कुठेच नाही. ‘काळजी घेणारे कुटुंब’ म्हणून आपण ज्याचा गौरव करतो, ते पुष्कळदा एकच थकलेली बाई असते.

यावर वेगळा विचार झाला तो केरळात. कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार प्रभृतींनी वेदनाशमनाचे काम सुरू केले, ते मुख्यतः कर्करोग्यांसाठी. लवकरच दोन गोष्टी ध्यानात आल्या. एक म्हणजे ज्यांना सर्वाधिक गरज आहे ते रुग्णालयापर्यंत येऊच शकत नाहीत. दुसरी अशी की, वेदना केवळ शरीराची नसते. औषध दिल्यावरही घरातील चूल, कर्ज, मुलांची शाळा हे प्रश्न उरतातच आणि ते डॉक्टरच्या आवाक्यातले नसतात. त्यातून १९९९ नंतर मलप्पुरम व आसपासच्या जिल्ह्यांत शेजाऱ्यांचे जाळे विणले गेले. आठवड्यातून किमान दोन तास देऊ शकेल अशा कोणालाही त्यात स्थान होते: शिक्षक, दुकानदार, रिक्षावाला, गृहिणी. सोळा तासांचे वर्ग आणि चार दिवस प्रत्यक्ष रुग्णांसोबत, एवढे प्रशिक्षण. जखमा, नळ्या, इंजेक्शने परिचारिकेकडे, गरजेप्रमाणे डॉक्टर, बाकीचे सारे शेजाऱ्यांकडे. खर्चासाठी मोठा देणगीदार शोधण्याऐवजी गावातूनच थोडेथोडे पैसे गोळा करण्यावर भर राहिला. सामान्य माणसांनी रुग्णसेवेत लुडबुड करावी का, यावर वैद्यकीय वर्तुळात तेव्हा वादही झाले. अनुभव असा की, कर्करोग्यांपेक्षा अंथरुणाला खिळलेले वृद्ध आणि जुनाट आजारांचे रुग्णच या जाळ्यात अधिक सापडले.

२००८ मध्ये केरळ सरकारने यासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. असे करणारे ते देशातले पहिले राज्य. घरोघरी जाणारी परिचारिका ही स्थानिक स्वराज्य संस्थांची जबाबदारी ठरली. १९९६ च्या लोकयोजनेने पंचायतींच्या हाती खरोखरीचा निधी गेला होता, म्हणून हे शक्य झाले. घरी शुश्रूषा करणाऱ्यालाच थेट मासिक मदत देणारी ‘आश्वासकिरणम्’ योजनाही तेथे आहे. रक्कम अवघी सहाशे रुपये आणि तीही रखडते अशा तक्रारी आहेत. तरीही ‘शुश्रूषा करणारी व्यक्ती’ सरकारदफ्तरी लाभार्थी म्हणून नोंदली गेली, हे थोडेथोडके नव्हे.

केरळचे गुणगान करून महाराष्ट्राला दूषणे देणे हा सोपा मार्ग झाला. तेथील राजकीय-धार्मिक संघटनांची घट्ट वीण, साक्षरता, पंचायतींचे बळ हे काही उचलून आणता येत नाही. शिवाय स्वयंसेवक दोन तास येतो. उरलेल्या बावीस तासांचे उत्तर त्याच्याकडेही नाही. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला वर्षानुवर्षे सांभाळताना तर ही उणीव फारच जाणवते. मात्र या दोन तासांत घरातली बाई आंघोळ करून शांतपणे जेवू शकते, बँकेत जाऊन येऊ शकते. जखम चिघळण्याआधी कोणाच्या तरी नजरेस पडते.

आपल्याकडे बीज नव्हते असेही नाही. मरणासन्न रुग्णांच्या सेवेसाठी देशातील पहिली संस्था, शांती अवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्यालाच उभी राहिली. आज शहरांतील प्रत्येक उपनगरात ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. त्यांत पासष्टीचे, धडधाकट, हाताशी वेळ असलेले सेवानिवृत्त आहेत आणि त्यांचा बराचसा उत्साह व्याख्याने, वाढदिवस व सहलींत खर्ची पडतो, हे प्रस्तुत लेखकाने खेदाने म्हटले तर रोष पत्करावा लागेल. त्यांच्यापैकी काहींनी आठवड्याचे दोन तास आपल्याच सोसायटीतल्या बंद दारामागे दिले, आणि महापालिकेच्या दवाखान्यातून प्रभागामागे एक फिरती परिचारिका मिळाली, तर त्यासाठी नव्या इमारती बांधाव्या लागत नाहीत. अर्थात परिचारिकेशिवाय नुसते स्वयंसेवक म्हणजे भेटीगाठी. आणि ती नेमणे हे पालिकेचेच काम आहे.

राज्यकर्त्यांचा ओढा मात्र रुग्णालयाकडे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढील सर्वांना ‘आयुष्मान भारत’खाली पाच लाखांचे संरक्षण मिळाले, ही स्वागतार्ह गोष्ट, पण ते रुग्णालयात दाखल होण्यासाठी. घरच्या खाटेवरील रुग्णाच्या रोजच्या देखभालीला त्याचा उपयोग नाही. नोकरदारांची स्थिती पाहा. केंद्र सरकारी महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपनासाठी ७३० दिवसांची रजा आहे. आई-वडिलांच्या शुश्रूषेसाठी काय, या प्रश्नावर जुलै २०२५ मध्ये राज्यसभेत उत्तर मिळाले ते असे की, वर्षाच्या ३० अर्जित व इतर नेहमीच्या रजा त्यासाठी वापरता येतात. म्हणजे वेगळी तरतूद नाही. जपानमध्ये दर आजारी नातलगामागे ९३ दिवसांची रजा कायद्याने आहे आणि २००० पासून शुश्रूषेचा अनिवार्य विमाही. तरीही तेथे लोक नोकऱ्या सोडतातच.

उरतो तो ‘ब्युरो’. पुण्या-मुंबईत ज्याला परवडते तो ब्युरोतून बारा किंवा चोवीस तासांची बाई ठेवतो. तिला प्रशिक्षण कोणी दिले, तिची साप्ताहिक सुट्टी कोणती, तिच्या हातून रुग्ण पडला तर जबाबदार कोण, याचे नियम नाहीत. तिच्या घरी तिच्या म्हाताऱ्या सासूला कोण पाहते, हे तर कोणी विचारतही नाही. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात घरपोच शुश्रूषा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा यांची तरतूद होती. ते संसदीय समितीकडे गेले, समितीचा अहवालही आला. आणि २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाली तेव्हा विधेयक मंजूर न होताच व्यपगत झाले.