कर्जदाराचा वाटा

रमजान अर्ध्यावर आला की घराघरांत जकातीचा हिशेब निघतो. सोने किती, चांदी किती, दुकानात माल किती, बँकेत शिल्लक किती. वर्षभर जवळ राहिलेल्या अशा मालमत्तेवर शेकडा अडीच रुपये बाजूला काढायचे, हा इस्लामच्या पाच स्तंभांपैकी एक. बार्शीटाकळीत ज्यांच्यावर जकात लागू होते ती घरे हा हिशेब मनापासून करतात, याबद्दल शंका नाही. अडचण पुढे आहे. काढलेली रक्कम पन्नास-शंभराच्या नोटांत मोडली जाते आणि दारावर येईल त्याच्या हातावर ठेवली जाते. सत्ताविसाव्या रात्रीपर्यंत पैसे संपतात. देणाऱ्याला समाधान मिळते, घेणाऱ्याचा एक दिवस निघतो. पण जो दारावर येतच नाही, त्याचे काय?

कुरआनच्या सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. गरीब आणि गरजू यांची नावे सर्वांना पाठ असतात. त्याच यादीत 'गारिमीन' असाही शब्द आहे. गारिमीन म्हणजे कर्जात बुडालेले, फेडण्याची ताकद न उरलेले लोक. म्हणजे कर्जदाराला मदत करणे ही आपली मेहरबानी नव्हे. जकातीत त्याचा नावानिशी वाटा आहे. तो वाटा आपल्या गावात त्याच्यापर्यंत पोहोचतो का, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

हा कर्जदार कोण, ते गावाला माहीत आहे. अकोल्याच्या फेऱ्या मारणारा ऑटोवाला, ज्याचा हप्ता थकला की गाडी ओढून नेली जाते. फळांची गाडी लावणारा बागवान, जो सकाळी उसने घेऊन माल उचलतो आणि संध्याकाळी व्याजासकट परत करतो. घरी शिलाई करणारी बाई, जिने एका गटाचा हप्ता भरायला दुसऱ्या गटाचे कर्ज उचलले आणि दुसऱ्याचा भरायला तिसऱ्याचे. बापाच्या ऑपरेशनसाठी घराचे कागद दुसऱ्याच्या हाती देणारा मुलगा. हे लोक धडके कपडे घालतात, इफ्तारीला दस्तरखानावर बसतात, तरावीहच्या सफेत आपल्या शेजारी उभे राहतात. हात पसरणे त्यांच्या स्वभावात नाही. शिवाय व्याजाचे कर्ज घेतले ही लाज आहेच. व्याज हराम आहे, असे मिंबरवरून ऐकल्यावर असा माणूस मान खाली घालतो आणि इमामसाहेबांना भेटायचे टाळतो.

सरकारच्या यादीतही तो सापडत नाही. वऱ्हाडातील कर्जाची चर्चा म्हणजे शेतकऱ्याच्या कर्जाची चर्चा, आणि ती व्हायलाच हवी. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत अकोला होता. २०१७ मध्ये दीड लाखापर्यंतची आणि २०१९ मध्ये दोन लाखांपर्यंतची पीककर्जे माफ करण्याच्या योजना राज्याने आणल्या. त्या बँकेच्या पीककर्जासाठी होत्या. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्या मजुराला, ऑटोवाल्याला, शिलाई करणाऱ्या बाईला त्यात जागा नव्हती. आपल्या मोहल्ल्यातले बहुतेक कर्जदार याच रांगेतले.

कर्जाच्या बाबतीत पैगंबर हजरत मुहंमद (स.) यांची भूमिका किती कडक आणि तरीही किती मायेची होती, ते बुखारी शरीफमधील एका प्रसंगातून दिसते. एक जनाजा आणला गेला. मृतावर कर्ज आहे का, अशी त्यांनी विचारणा केली. कर्ज होते आणि फेडायला मागे काही नव्हते. तेव्हा त्यांनी स्वतः नमाज न पढवता सोबत्यांना पढायला सांगितले. हजरत अबू कतादा (रजि.) पुढे झाले, कर्जाची जबाबदारी त्यांनी आपल्या अंगावर घेतली आणि मग पैगंबरांनी नमाज पढवली. आपण हा प्रसंग कर्ज घेणाऱ्याला भीती घालायला सांगतो. त्यात अबू कतादाही आहेत, हे विसरतो. ज्या जमातीत अबू कतादा उभा राहतो, तिथे कर्जदाराला लपावे लागत नाही.

आता दुसरी बाजू. कुरआनमधील सर्वांत लांब आयत नमाजबद्दल नाही आणि रोजाबद्दलही नाही. सूरह बकराची ती २८२ वी आयत कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लिहिणारा न्यायाने लिहील, मजकूर देणेकऱ्याने सांगावा, तो दुबळा असेल तर त्याच्या वतीने कोणी सांगावा, साक्षीदार असावेत, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा त्या आयतीचा आशय आहे. यात कागद दोघांचा आहे. आपल्याकडे कागद एकट्या सावकाराकडे असतो. देणेकऱ्याकडे असते ती फक्त आठवण. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले, तेव्हा त्यांचा रोख सावकारांकडच्या कर्जरोख्यांवर होता. आपली मान त्या कागदात अडकली आहे, हे त्यांना ठाऊक होते. त्या दंग्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. आज कागद जाळण्याची गरज नाही, पण तो वाचता आला पाहिजे.

म्हणून कर्जदाराला मदत करायची तर पहिली मदत पैशाची नसते. त्याच्याजवळ बसून त्याचे सगळे कर्ज एका वहीत उतरवायचे. कोणाकडून, केव्हा, मुद्दल किती, व्याज काय, आजवर भरले किती, तारण काय दिले. अनेक घरांत असा हिशेब कधी झालेलाच नसतो. तो झाला की निम्मी भीती कमी होते आणि कोणत्या दारावर जायचे तेही कळते.

खासगी सावकाराचे कर्ज असेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ उपयोगी पडतो. परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. परवानाधारक सावकाराला बिगरशेती कर्जावर तारण असेल तर वर्षाला १५ टक्के आणि विनातारण १८ टक्के, तर शेतकऱ्याला अनुक्रमे ९ आणि १२ टक्के एवढीच व्याजाची मर्यादा शासनाने ठरवली. चक्रवाढ व्याज लावता येत नाही आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. आता हिशेब करा. वीस हजार रुपये महिना पाच टक्क्यांनी घेतले तर व्याजच महिन्याला हजार रुपये. कायद्याच्या १८ टक्क्यांनी ते तीनशे होते. वीस महिन्यांत वीस हजार व्याज भरूनही मुद्दल जागच्या जागी राहते. बेकायदा सावकाराने कर्जापोटी शेत किंवा घर खरेदीखत करून घेतले असेल, तर पंधरा वर्षांपर्यंतच्या अशा व्यवहाराची चौकशी होऊन मालमत्ता परत मिळू शकते. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे किंवा अकोल्याला जिल्हा उपनिबंधकांकडे करायची.

गटाचे कर्ज, म्हणजे मायक्रोफायनान्स असेल तर रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम लागू होतात. कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत, हे पाहण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्या कंपनीची आहे. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास, नाव जाहीर करणे यांना मनाई आहे. कर्ज मुदतीआधी फेडले तर दंड लावता येत नाही. तक्रार आधी कंपनीकडे लेखी द्यायची. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी माहितीचा फोन १४४४८ आहे. आणखी एक गोष्ट. अशा कर्जासोबत बरेचदा विमा काढलेला असतो. घरातला माणूस गेल्यावरही बाया हप्ते भरत राहतात, कारण तो विम्याचा कागद कोणी वाचलेला नसतो. मोबाइलवरच्या ॲपने कर्ज देऊन फोटो पसरवण्याची धमकी दिली, तर १९३० या सायबर क्रमांकावर लगेच तक्रार करावी. घाबरून आणखी पैसे पाठवू नयेत.

दवाखाना हे कर्जाचे मोठे कारण. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नोंदणीकृत रुग्णालयात ठरावीक आजारांवर कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. हे दाखल होताना विचारायचे असते, बिल आल्यावर नव्हे. कोर्टाची नोटीस आली तर शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण बाजूला ठेवावी. विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, कमी उत्पन्नाच्या पुरुषांनाही मिळतो. त्यांचा फोन १५१०० आहे. लोकअदालतीत बँकेशी तडजोड होऊ शकते, पण तिथे केलेली सही कोर्टाच्या हुकुमाइतकी पक्की असते, म्हणून झेपेल तेवढाच हप्ता कबूल करावा.

हे सगळे करून जे उरेल, तिथे जकात लागावी. दोन लाखांच्या मालमत्तेवर पाच हजार जकात होते. अशी दहा घरे एकत्र आली तर पन्नास हजार. शंभराच्या नोटांत वाटले तर पाचशे हातांवर पडतील आणि ईदनंतर कोणाचेच काही बदललेले नसेल. तेच पन्नास हजार दोन-तीन घरांचे मुद्दल पुरते मिटवू शकतात. पुढच्या रमजानला ती घरे मागणारी उरणार नाहीत, कदाचित फितऱ्यासोबत थोडे वर देणारीही होतील. रक्कम कर्जदाराच्या हाती द्यावी की त्याच्या संमतीने परस्पर देणेकऱ्याला, व्याजाच्या भागाचे काय करावे, हे मुफ्तीसाहेबांना विचारून ठरवावे.

यावर काही जण म्हणतील, लग्नात उधळपट्टी करून कर्ज केले, त्याला आपण का फेडावे? ऋण काढून सण करणाऱ्याची बाजू घेण्याचे कारण नाही. पण लग्नात किती जेवणे आणि किती सामान द्यायचे याचा दबाव मुलीच्या बापावर कोण आणतो? आपणच. मग दोष एकट्या त्याच्या गळ्यात बांधता येत नाही. दुसरा आक्षेप, व्याजाच्या कर्जाला हात लावू नये. पण व्याजातून माणूस सोडवणे आणि व्याज खाणे या दोन गोष्टी एक कशा होतील? नुसते हराम सांगून भागत नाही, पर्याय द्यावा लागतो. देवबंदच्या मुस्लिम फंडाने १९६१ पासून बिनव्याजी कर्जाची वाट दाखवली आहे. गावात बैतुल माल उभा करायचा तर जकात आणि देणग्यांपुरता ठेवावा, दरमहा हिशेब मशिदीत लावावा. लोकांच्या ठेवी घेण्याच्या मोहात पडू नये. २०१९ मध्ये बंगळुरूच्या आयएमए कंपनीत हलाल नफ्याच्या नावाने हजारो मुस्लिम घरांची पुंजी बुडाली, तो धडा ताजा आहे.

ज्यांचे येणे बाकी आहे, त्यांच्यासाठीही या महिन्यात एक सांगणे आहे. देणेकरी अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी आणि सोडून दिले तर ते अधिक चांगले, असे त्याच सूरह बकरात आले आहे. किराणा दुकानदाराने उधारीच्या वहीतले एक पान फाडले, तर तोही रमजानचा सदका आहे.

आणि कागद वाचून देण्याला जकातीची अट नाही. शेजारचा बौद्ध मजूर असो, तांड्यावरची बंजारा बाई असो की कोरडवाहू शेती करणारा कुणबी, सावकाराचा पाश सगळ्यांच्या गळ्यात सारखाच बसतो. मोहल्ल्यातली शिकलेली मुले-मुली ईदपर्यंत रोज असरनंतर एक तास मशिदीबाहेरच्या एखाद्या खोलीत वही घेऊन बसली आणि येणाऱ्याचे नाव बाहेर फुटणार नाही एवढी हमी दिली, तरी सुरुवात होईल. प्रत्येक जमातीने यंदा एक घर कर्जातून पूर्ण मोकळे करायचे, एवढेच ठरवू या. ते घर कोणते, हे मशिदीत कोणाला कळायची गरज नाही.