47 नावांची यादी

2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला, तेव्हा आमच्या शाळेनेही मदत गोळा केली होती. मी इतिहास शिकवतो. गोळा करण्याचे काम माझ्याकडे आले. मुलांनी घरोघरी फिरून तांदूळ, तूरडाळ, गोडेतेल, साबण, चादरी आणल्या. दोन दिवस आम्ही वर्गातल्या बाकांवर पिशव्या भरत होतो. टेम्पोला बॅनर लावला, बॅनरसमोर फोटो काढला आणि टेम्पो गेला.

दिवाळीच्या सुटीनंतर नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, आपण ज्यांना सामान पाठवले, ते लोक आता कसे आहेत?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. पिशव्या नेमक्या कोणत्या गावात उतरल्या हेही मला नीट ठाऊक नव्हते. "बरे असतील," मी म्हणालो. ती काही न बोलता खाली बसली. ते उत्तर मला अजून टोचते.

आपण मदत पाठवली, माणसांकडे मात्र पाहिलेच नाही, हे मला नंतर बेल्जियममधल्या एका शिक्षकाची हकीकत वाचताना कळले. त्यांचे नाव डॉमिनिक पीर. आडनाव आपल्या कानांना ओळखीचे वाटेल, पण ते फ्रेंच आहे. माणूस ख्रिस्ती, डॉमिनिकन पंथाचा धर्मगुरू. बेल्जियममधल्या उई या गावाजवळच्या मठात ते समाजशास्त्र आणि नीतिशास्त्र शिकवत.

निर्वासित होणे म्हणजे काय, हे पीर यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. त्यांचा जन्म 1910 चा, दिनाँ गावातला. 1914 च्या ऑगस्टमध्ये जर्मन सैन्याने त्या गावात सहाशेहून अधिक नागरिकांना ठार मारले. चार वर्षांच्या या मुलाला घेऊन घरचे लोक फ्रान्सला पळाले. युद्ध संपल्यावर परतले, तेव्हा घराच्या जागी पडक्या भिंती होत्या.

दुसरे महायुद्ध 1945 मध्ये संपले, पण युरोपातल्या छावण्या रिकाम्या झाल्या नाहीत. पोलंड, युक्रेन, लाटव्हिया, एस्टोनिया अशा देशांतली लाखो माणसे जर्मनी आणि ऑस्ट्रियात अडकली होती. त्यांच्या गावांवर आता दुसरीच सत्ता होती आणि परत जाण्याची भीती वाटत होती. आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेने दहा लाखांहून अधिक लोकांना अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांत वसवले. हे काम फार मोठे होते आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही.

पण घेणारे देश निवड करून घेत. त्यांना खाणीत, शेतात, कारखान्यात राबणारे हात हवे होते. म्हातारी माणसे, अपंग, क्षयाचे रुग्ण, एकटी बाई आणि तिची लहान मुले यांना कोण घेणार? घरातल्या एकाच्या फुफ्फुसावर डाग निघाला तर अख्खे कुटुंब मागे राहायचे. वर्षे गेली तशी छावण्यांत कोणालाच नको असलेली माणसे उरली. त्यांना रेशन मिळत होते, डोक्यावर पत्र्याचे किंवा लाकडी छप्पर होते. त्यांची वाट पाहणारे मात्र जगात कोणी नव्हते.

1949 च्या फेब्रुवारीत एडवर्ड स्क्वॉड्रिल हा तरुण अमेरिकन पीर यांच्या भोवती जमणाऱ्या तरुण मंडळींसमोर बोलायला आला. तो या छावण्यांत काम करून आला होता. ऐकणारे हळहळले असतील, तशी सगळीच सभा हळहळते. पीर यांनी मात्र निधीचा डबा फिरवला नाही. त्यांनी पाहुण्याकडे नावे मागितली. 47 निर्वासितांची नावे मिळाली आणि मंडळी पत्रे लिहायला बसली.

पुढे त्यातूनच एक पद्धत तयार झाली. इकडचे एक घर आणि छावणीतले एक घर अशी जोडी लावायची. पत्र लिहायचे, कपड्या-खाण्याचे पार्सल पाठवायचे, उत्तर आले की पुन्हा लिहायचे. पीर स्वतः ऑस्ट्रियातल्या छावण्या पाहून आले. 47 चे हजारो झाले. पुढे त्यांनी बेल्जियममध्ये वृद्ध निर्वासितांसाठी घरे काढली. 1956 पासून निर्वासित कुटुंबांसाठी छोटी गावे वसवली. पहिले जर्मनीतल्या आखेनला. अशा एका गावाला ॲन फ्रँकचे नाव दिले. ही गावे मुद्दाम लहान ठेवली आणि शहरांच्या लगत बांधली, म्हणजे नव्या माणसांची वेगळी वस्ती पडणार नाही आणि त्यांची मुले शेजाऱ्यांच्या मुलांबरोबर वाढतील. मदत देताना धर्म किंवा देश पाहिला नाही. 1958 मध्ये पीर यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कोणी म्हणेल, भुकेल्याला पत्र काय करायचे? शंका रास्त आहे. पोट रिकामे असेल तर आधी भाकरीच हवी. पण छावणीत भाकरी मिळणाऱ्याची भूक वेगळी असते. तिथे माणूस वर्षानुवर्षे यादीतला एक क्रमांक असतो. पत्रावर त्याचे नाव असते. पत्राला उत्तर द्यावे लागते, म्हणजे त्याच्याकडेही देण्यासारखे काहीतरी उरते. त्यामुळे ती भीक राहत नाही, ओळख होते. आणि ओळख झाली की देणाऱ्याला कळते की ज्या घरी आपण स्वेटर पाठवला, तिथे खरी गरज औषधाची होती.

आपल्या वाचकांना ही रीत परकी वाटू नये. मक्केहून सगळे मागे टाकून मदीनेत आलेले मुहाजिर निर्वासितच होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांच्यासाठी निव्वळ लंगर लावला नाही. एक मुहाजिर आणि एक अन्सार यांना भाऊ म्हणून जोडून दिले. हजरत साद बिन रबी यांनी आपली निम्मी मालमत्ता देऊ केली, तेव्हा हजरत अब्दुर्रहमान बिन औफ यांनी त्यांना दुवा दिली आणि बाजाराचा रस्ता विचारला. हा प्रसंग आपण बयानात कितीदा ऐकतो! देणाऱ्याचे मन मोठे होते, पण घेणाऱ्याचा स्वाभिमानही शाबूत राहिला, इकडे आपले लक्ष जात नाही.

आणि युरोपचे निर्वासित महाराष्ट्रापासूनही फार दूर नव्हते. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुले. सोव्हिएत राजवटीने घरातून उचलून नेलेली ही माणसे इराणमार्गे हिंदुस्थानात आली होती. युद्ध संपले तेव्हा यातल्या अनेकांचे गाव पोलंडमध्ये उरलेच नव्हते. सरहद्द सरकली होती. त्यांना पुन्हा नवे देश शोधावे लागले. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे. मी शाळेतल्या मुलांना पंचगंगेचा पूर सांगितला, पण त्याच जिल्ह्याने पाच हजार परक्यांना पाच वर्षे ठेवून घेतले, हे सांगितले नव्हते. ते सांगितले असते तर पुढचा प्रश्न मुलांनी आधीच विचारला असता.

आता आपल्याकडे बघू. रमजान आला की मोहल्ल्या-मोहल्ल्यात रेशन किट वाटली जातात. जकात निघते, सदका निघतो, तरुण पोरे रात्र-रात्र जागून पॅकिंग करतात. त्यांच्या नियतीवर मला शंका नाही. पण किट हातात धरलेल्या विधवेचा फोटो ग्रुपवर फिरतो, तेव्हा मला लाज वाटते. उजव्या हाताने काय दिले ते डाव्याला कळू नये, हे शिकवणारे आपण, शंभर मोबाइलना कळवतो. हिशोबासाठी फोटो लागतो असे सांगतात. हिशोब पावतीने होतो, त्या बाईच्या चेहऱ्याने नाही. ईदनंतर तिच्या घरी काय चालले आहे, हे मग अकरा महिने कोणी विचारत नाही. आम्ही पुराच्या वेळी केले ते आणि हे यात फरक एवढाच की पूर दरवर्षी येत नाही.

मदत थोडी करा असे माझे म्हणणे नाही. किट वाटा, जरूर वाटा. पण दहा घरांनी मिळून शंभर अनोळखी पिशव्या देण्याबरोबरच प्रत्येक घराने एक घर वर्षभर धरावे. त्यांचे नाव ठाऊक असावे, मुलगा कितवीत आहे ते ठाऊक असावे. काय हवे ते आपण ठरवू नये, विचारावे.

गेल्या रमजानपासून मी मुलांबरोबर हे करून पाहतो आहे. सहा घरे आहेत, त्यांतली दोन मोहल्ल्याबाहेरची, हिंदू. त्यांना विचारूनच नावे घेतली. मुले महिन्यातून एकदा चिठ्ठी लिहितात, मी किंवा दुसरे शिक्षक ती पोचवतो. फोटो नाही, बॅनर नाही. तिसऱ्या महिन्यात एका आजींनी नातवाकडून उत्तर लिहवून घेतले: धान्य आहे, ते नको. रेशनकार्डात सुनेचे नाव चढवायचे आहे. तहसील कार्यालयात तीनदा जाऊन आले, कोणी नीट सांगत नाही. बरोबर कोणी येईल का?

आम्ही तांदळाची पिशवी घेऊन गेलो असतो तर आजींनी ती घेतली असती, दुवाही दिली असती, आणि सुनेचे नाव कार्डाबाहेरच राहिले असते. शाळा सुटल्यावर नाही, तर रजा टाकून मी त्यांच्याबरोबर गेलो. दोन खेपांत काम झाले.

पीर नोबेलनंतर थांबले नाहीत. 1962 मध्ये आजच्या बांगलादेशातल्या चितगावजवळ गोहिरा येथे त्यांनी ग्रामविकासाचे काम सुरू केले आणि पुढे ते गावकऱ्यांच्या हाती सोपवले. 1969 मध्ये ते वारले. एवढे सगळे उभे राहिले ते एका शिक्षकाने हळहळणाऱ्या तरुणांसमोर नावांची यादी ठेवली म्हणून.

2019 च्या वर्गातली ती मुलगी आता कॉलेजात असेल. पुराच्या पिशव्यांचे काय झाले, हे मी तिला आजही सांगू शकत नाही. मात्र यंदाच्या वर्गातल्या कोणी विचारले की ते लोक आता कसे आहेत, तर सहा घरांपुरते तरी मला खरे उत्तर देता येते.