हाताला कळतं, पण किती?

ट्रॅक्टर दुरुस्त करणारे आपले मुस्लिम मिस्त्री गावोगावी आहेत. पीटीओ शाफ्ट हातानं हलवून ‘क्रॉस गेलाय’ असं ते सांगतात, आणि बहुतेकदा ते खरं निघतं. तरीही थरथर मोजल्याशिवाय शाफ्ट शेतकऱ्याच्या हवाली करू नये, असं माझं मत आहे.

पीटीओ मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 9. घरामागच्या शेडमध्येही हे तपासता येतं. मशीन बंद असताना रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्सवर मोबाइल घट्ट बांधायचा, गार्ड लावूनच सुरू करायचं आणि लांब उभं राहायचं. थरथर सेकंदाला 9 दिसली तर शाफ्ट वाकलाय किंवा त्याचा तोल गेलाय, अशी शंका घ्यावी. 18 दिसली तर सांध्यांचा कोन आणि आतले दोन्ही योक एका रेषेत आहेत का, ते पाहावं. चौकोनी शाफ्ट 90 अंशांनी चुकून बसला, तर नवा क्रॉसही लवकर झिजतो. भुर्दंड शेतकऱ्याला.

सूरह मुतफ्फिफीनची सुरुवातच माप मारणाऱ्यांना ताकीद देऊन होते. ती फक्त तराजूवाल्यांसाठी आहे, असं मला वाटत नाही. अंदाजानं केलेल्या दुरुस्तीचे पूर्ण पैसे घेणं, हेही माप मारणंच.