धालसीमच्या बरगड्या

व्हिडिओ गेममधल्या एका लढवय्यावर वार्षिक अंकात लेख लिहायचा म्हणजे काही ज्येष्ठांच्या कपाळाला आठ्या पडणार, हे मी धरूनच चाललो आहे. परंतु विषय दिसतो तितका पोरकट नाही. निदान माझ्यापुरता तरी नाही.

१९९६ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी नळदुर्गहून सोलापूरला मामाकडे गेलो होतो. तिथे एका गाळ्यात ‘स्ट्रीट फायटर’चे यंत्र होते. नाणे टाकायचे, पडद्यावरच्या चेहऱ्यांतून आपला गडी निवडायचा आणि शेजारच्याशी झुंजायचे. मामेभावाने जपानी रियू घेतला आणि मला म्हणाला, “तू हा घे. तुमच्याकडचाच दिसतोय, दुष्काळी.”

तो धालसीम. डोक्याचा तुळतुळीत गोटा, त्यावर तांबडे पट्टे, मोजून घ्याव्यात अशा बरगड्या, कमरेला फाटके वस्त्र आणि गळ्यात लहान लहान कवट्यांची माळ. बाकीचे गडी कसे भरलेल्या दंडाचे! मी धालसीम घेतला नाही. ती सुट्टी संपेपर्यंत एकदाही घेतला नाही.

हा माणूस जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९१ साली ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये आणला. भारतीय म्हणून योगी, योगी म्हणून तोंडातून ज्वाळा आणि रबरासारखे लांबणारे हातपाय. मागे देखाव्याला हत्ती. हात लांबवून मारणारा भारतीय योगी त्याआधी १९७६ च्या एका कुंगफू चित्रपटात येऊन गेला होता. म्हणजे आपली ओळख त्या चित्रकारांना आपल्याकडून झाली नव्हती, सिनेमाच्या पडद्यावरून झाली होती. १९९४ मध्ये हॉलिवूडने या खेळावर चित्रपट काढला तेव्हा तर धालसीमचा शास्त्रज्ञच केला. ती भूमिका रोशन सेठ यांनी केली, ज्यांनी ‘गांधी’ चित्रपटात नेहरू साकारले होते! असो.

तरीही चित्रकाराच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. झुंजीच्या खेळातल्या पात्राला ओळख करून द्यायला दोन क्षण मिळतात. लांबून नुसती आकृती दिसली तरी हा कसा लढणार ते कळावे लागते. धालसीम हळू चालतो, पण लांबून मारतो. जवळ आलेल्याशी त्याचे जमत नाही. ते सगळे त्या काटकुळ्या देहात बरोबर उतरले आहे. म्हणूनच पुढे कपडे कितीही बदलले तरी तो देह कोणी बदलला नाही. खेळणाऱ्यांच्या बोटांना तो पाठ झालेला असतो.

माझी तक्रार वेगळीच आहे. त्या कवट्या म्हणे त्याच्या गावातल्या, साथीत दगावलेल्या मुलांच्या. हा माणूस मूळचा शांतताप्रिय. लढतो तो गावातल्या गोरगरिबांसाठी पैसा जमवायला. त्याच्या मुलाचे नाव दत्ता! हे मला कळले ते पंचवीस वर्षांनी. गाळ्यातल्या यंत्रावर आम्हाला दिसली ती फक्त कवट्यांची माळ. कथा मागेच राहिली, आणि आमच्यापर्यंत आले ते भूत.

इथे मला आमचा खंडोबा आठवतो. एकच मूर्ती वर्षातले काही महिने अणदूरला आणि काही महिने नळदुर्गला असते, हे आपल्याला ठाऊक आहेच. तोही लढवय्या, आणि त्याचेही रूप काही कमी बदललेले नाही. कुठे लिंग, देव्हाऱ्यात घोड्यावरचा टाक, मग रंगीत कॅलेंडर आणि २०१४ च्या ‘जय मल्हार’ मालिकेतला पिळदार छातीचा नट. पण गोंधळ होत नाही. कारण रूपाबरोबर वाघ्या-मुरळी येतात, रात्रभर जागरण होते, मणी-मल्ल का मारले, बाणाई कोण, हे दिमडीच्या तालावर लहान पोरालाही कळते. टाकावरचा तलवारवाला माणूस जागरणाशिवाय कोणा परक्याला दाखवला, तर त्यालाही तो कोणी दरोडेखोर वाटायचा.

धालसीम आमच्याकडे जागरणाशिवाय आला.

पुढे त्याचे रूप पालटले. २०१६ च्या फेब्रुवारीत ‘स्ट्रीट फायटर ५’मध्ये त्याला लांब दाढी आणि डोक्याला पागोटे मिळाले. पुष्कळांना हा सन्मान वाटला. मला नाही वाटला. २०२३ च्या सहाव्या खेळात तर तो मंदिरातला गुरूच आहे, शिष्य त्याच्याकडे शिकायला जातात. फकीर होता, त्याचा स्वामी झाला. दोन्ही सोंगे परदेशी माणसाच्या ओळखीचीच. त्यात गाव कुठे आहे? २०१६ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे त्याला दाढी फुटली त्यानंतर दोनच महिन्यांनी, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. गावासाठी पैसा जमवत हिंडणारा माणूस आम्हाला तेव्हा कळला असता. बरगड्यांची मला लाज वाटत होती. आज वाटते, त्या चित्रात खरे असे तेवढेच होते.

गेल्या दिवाळीत मामेभावाच्या घरी त्याच्या मुलाने जुन्या खेळांचा संच लावला. मी धालसीम घेतला आणि तीन डाव हरलो. पोराने विचारले, “काका, या कवट्या कुणाच्या?” मी सांगितले. तो थोडा वेळ बटणांवरचा हात काढून बसला. मामेभाऊ पलीकडे पेपर वाचत होता, तोही थांबला.

मग पोरगा म्हणाला, “पण काका, हा चालतो फार हळू.”