मैदानाबाहेरची गर्दी

साथीच्या काळात क्रीडासामन्याचा प्रश्न निघाला की शासनाची दृष्टी प्रथम मैदानाकडे वळते. ती किती अपुरी आहे, हे २०२१ च्या युरोपीय फुटबॉल स्पर्धेत स्कॉटलंडने अनुभवले. संसर्गक्षम अवस्थेत स्पर्धेनिमित्त गर्दीत वावरलेले १,९९१ जण तेथील आरोग्यखात्याने नोंदविले. पैकी १,२९४ जण १८ जूनच्या इंग्लंडविरुद्धच्या सामन्यासाठी लंडनला गेले होते. प्रत्यक्ष वेम्बली मैदानात होते ते अवघे ३९७! उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी सामना मद्यगृहांत वा मित्रांच्या घरी पडद्यावर पाहिला. त्यांना संसर्ग कोठे झाला हे या आकड्यांवरून सिद्ध होत नाही, हे मान्य. परंतु बंद खोलीत गोल झाला की आरोळ्या उठणारच, आणि आरोळीबरोबर श्वासातील सूक्ष्म कण साध्या बोलण्यापेक्षा कितीतरी अधिक उडतात.

२०२१ च्या एप्रिलमध्ये वानखेडेवर आयपीएलचे सामने प्रेक्षकांविना खेळविले गेले, ते योग्यच झाले. मात्र दिवाणखान्याला तिकीटखिडकी नसते. तेथे माणसे किती बोलवावीत, वातानुकूलन बंद करून खिडक्या उघडाव्यात काय, आणि खोकत आलेल्या जिवलग मित्राला दारातूनच परत पाठवावे काय, हे यजमानालाच ठरवावे लागते. आणि आपल्याकडे तर पाहुण्याला 'येऊ नका' म्हणण्याचा संकोच फार.