जेल, वॅक्स की क्ले? ‘टेक्स्चर’ही आणि चमकही, हा दावा किती खरा?

केस मुद्दाम विस्कटल्यासारखे दिसावेत, बट न् बट सुटी दिसावी आणि वर चमकही हवी, अशी मागणी सलूनच्या खुर्चीत बसणारे अनेक तरुण हल्ली करतात. बाजारात तसा दावा करणाऱ्या डब्याही कमी नाहीत. पण या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात जातात आणि त्याचे कारण शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहे.

केसाच्या बाहेरच्या थरावर कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले असतात. ते सपाट बसले आणि केस एका दिशेने असले की प्रकाश एकाच दिशेने परततो. हीच चमक. ‘टेक्स्चर’ देणारे उत्पादन नेमके उलटे काम करते. ते केसांना खरखरीतपणा देते, बटा वेगवेगळ्या दिशांना उभ्या करते आणि प्रकाश विखुरतो. त्यामुळे दोन्हींचे वचन देणारी डबी प्रत्यक्षात दोन्ही थोडे थोडे देते. ते वाईट नाही, पण पैसे मोजताना माहीत असलेले बरे.

पावसाळ्यात जेल का फसते?

जेल म्हणजे मुख्यतः पाणी आणि त्यात विरघळलेले पॉलिमर. पाणी उडाले की पॉलिमरचा पातळ पापुद्रा केसांवर राहतो, म्हणून केस कडक आणि ओलसर चमकदार दिसतात. अनेक जेलमध्ये हे पॉलिमर पीव्हीपी असते आणि त्याला हवेतली ओल शोषण्याची सवय आहे. जुलैत मुंबई किंवा रत्नागिरीत सकाळी कडक बसलेले केस दुपारपर्यंत चिकट होऊन खाली येतात, त्यामागे हे कारण आहे. शिवाय केसाचा आकार काही अंशी त्यातल्या हायड्रोजन बंधांवर टिकतो आणि ओल हे बंध मोडते. कोरड्या हवेत वेगळा त्रास. पापुद्रा तुटतो आणि खांद्यावर पांढरा भुसा पडतो. बऱ्याच जणांना तो कोंडा वाटतो आणि मग अँटी-डँड्रफ शाम्पूचा खर्च सुरू होतो.

वॅक्सला ओलीची फारशी फिकीर नसते, कारण मेण पाण्याला जवळ करत नाही. क्लेमध्ये मेणासोबत केओलिन किंवा बेंटोनाइट ही माती असते. ती तेल शोषते, केस जाडसर भासतात आणि चमक जवळपास जाते. केस पातळ असलेल्यांना क्ले का आवडते, ते यावरून कळते. पोमेडचे दोन प्रकार आहेत. पेट्रोलियम जेलीवर आधारलेले जुन्या धाटणीचे पोमेड भरपूर चमक देते, पण एका शाम्पूत निघत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात ते मऊ होऊन कपाळावर उतरते. कपाळाच्या कडेला त्यामुळे येणाऱ्या पुटकुळ्यांना त्वचारोगतज्ज्ञांच्या भाषेत ‘पोमेड अ‍ॅक्ने’ असे स्वतंत्र नावच आहे. पाण्यावर आधारलेले पोमेड सहज धुतले जाते.

डबीच्या पुढच्या बाजूवरील नावावर मात्र विसंबू नये. ‘वॅक्स’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डब्यांतला पहिला घटक पाणीच असतो.

मागची बाजू वाचा

भारतातील सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यानंतर कोणत्याही क्रमाने येऊ शकतात. इथे एक सोपी युक्ती उपयोगी पडते. फिनॉक्सीइथेनॉल हे सर्रास वापरले जाणारे परिरक्षक १ टक्क्याच्या मर्यादेतच वापरतात. म्हणजे यादीत त्याच्यानंतर जे जे आले, ते १ टक्का किंवा त्याहून कमी. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘आर्गन ऑइल’ आणि मागे ते फिनॉक्सीइथेनॉलच्या खाली असेल, तर ग्राहक तेलाचे नव्हे, तेलाच्या नावाचे पैसे देत आहे.

किंमतही डबीवर नव्हे, ग्रॅमवर तोलावी. समजा, १०० ग्रॅमचे जेल १०० रुपयांना आणि ५० ग्रॅमची क्ले ५०० रुपयांना मिळते. एक ग्रॅमला १ रुपया आणि १० रुपये, असा हा फरक आहे. क्ले कमी लागते हे खरे, पण दहापट कमी लागत नाही. दोन डब्यांतले पहिले पाच घटक सारखेच निघाले, तर उरलेला फरक सुगंध, डबी आणि जाहिरातीचा समजावा.

फक्त चमकच हवी असेल, तर स्टायलिंगची डबी लागतच नाही. सीरममधली सिलिकॉन खवल्यांवर गुळगुळीत थर देतात. परिणाम लगेच दिसतो आणि धुतल्यावर ओसरतो. खोबरेल तेलाची गोष्ट निराळी. ते केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. मिनरल ऑइल आणि सूर्यफूल तेलाला ते जमले नाही. हा अभ्यास मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधन विभागाचा होता आणि खोबरेल तेल विकणे हाच तिचा मोठा व्यवसाय, हेही लक्षात ठेवायला हवे. तरी आजीच्या वाटीतल्या तेलामागे प्रयोगशाळेतला आधार आहे, तेवढा अनेक महागड्या बाटल्यांमागे नाही.

सलूनमधली चमक

खरी काळजी डबीची नाही, सलूनमधल्या वाडग्याची आहे. केस सरळ आणि चकचकीत करण्याच्या उपचारांत पूर्वी फॉर्माल्डिहाइडवरून वाद झाला. त्याला पर्याय म्हणून ग्लायॉक्सिलिक अ‍ॅसिड आले. मार्च २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये फ्रान्समधील डॉक्टरांनी २६ वर्षांच्या एका महिलेची नोंद प्रसिद्ध केली. केस सरळ करून घेतल्यानंतर तिच्या मूत्रपिंडांना तीनदा, २०२०, २०२१ आणि २०२२ मध्ये, तीव्र इजा झाली होती. वापरलेल्या क्रीममध्ये हेच अ‍ॅसिड होते. ते टाळूच्या त्वचेतून शरीरात जाऊन मूत्रपिंडात ऑक्सलेटचे स्फटिक तयार होत असावेत, असे उंदरांवरील प्रयोगातून त्यांनी दाखवले.

प्रत्येक केराटिन किंवा स्मूदनिंगमध्ये हे होते, असा याचा अर्थ नाही. पण दुकानातल्या ५० ग्रॅमच्या डबीमागे घटकांची यादी वाचता येते आणि हजारो रुपयांच्या उपचारात क्रीम वाडग्यात ओतूनच समोर येते, हे उफराटे आहे. सलूनांनी दरपत्रकाशेजारी वापरातल्या उत्पादनांची लेबले लावायला काहीच हरकत नसावी. तोवर खुर्चीत बसण्याआधी मूळ बाटली मागून तिच्या मागच्या बाजूचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवता येतो. नंतर मळमळ, पोटात किंवा पाठीत दुखणे असे काही सुरू झाले, तर डॉक्टरांना दाखवायला तो लागेल.