शहाळ्याचें सरबत

वैशाखाचें ऊन तापूं लागलें, कीं घरोघरीं कैरीचें पन्हें, कोकमाचें सरबत आणि ताक यांची आठवण होते. या पेयांचे गुण आपण सारेच जाणतों. परंतु घरांतील एखाद्या पदवीधर मुलानें ‘मी सरबताचें दुकान काढतों’ असें म्हटलें, तर वडील मंडळींच्या कपाळास आठी पडल्यावांचून राहणार नाहीं. अशा घरांनीं कलकत्त्याच्या, म्हणजे आजच्या कोलकात्याच्या, एका दुकानाची हकीकत अवश्य ऐकावी.

त्या शहरांतील कॉलेज स्ट्रीट हा भाग म्हणजे सरस्वतीचें माहेरच. प्रेसिडेन्सी कॉलेज, संस्कृत कॉलेज, हेअर स्कूल आणि विद्यापीठ येथें जवळजवळ उभीं आहेत; मधल्या जागा पुस्तकांच्या दुकानांनीं भरून काढल्या आहेत. तेथेंच कॉलेज स्क्वेअरच्या तळ्यानजीक, बंकिम चटर्जी रस्त्यावर, ‘पॅरामाउंट’ नांवाचें सरबताचें दुकान आहे. बारिसालचे नीहाररंजन मजुमदार यांनीं तें १९१८ सालीं ‘पॅरडाइझ’ या नांवानें काढलें. संगमरवरी मेजें आणि थंडगार पेला, एवढाच तेथील थाट. स्वातंत्र्यापूर्वी क्रांतिकारक तरुण सरबताच्या निमित्तानें येथें जमत असें सांगतात. सुभाषचंद्र बसूंचें नांवही जुन्या गिऱ्हाइकांत घेतलें जातें.

परंतु दुकानाची खरी कीर्ति ‘डाबेर शरबत’ या पेयावर उभी आहे. बंगालींत डाब म्हणजे शहाळें. शहाळ्याचें पाणी, साखरेचा पाक, बर्फ आणि तळाशीं कोवळ्या खोबऱ्याचे तुकडे, प्रकार इतकाच. याची कृति दुकानास आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनीं दिली, असें तेथें परंपरेनें सांगण्यांत येतें. परगांवाहून शिकावयास आलेल्या मुलांची थोडक्या पैशांत तहान भागावी आणि पोटांत कांहीं पौष्टिकही जावें, हा त्यांत हेतु. शहाळ्याचें पाणी कवचांत बंद असल्यामुळें स्वच्छ राहतें, आणि त्यांत पोटॅशियमचे क्षार भरपूर असतात. घामावाटे मात्र मुख्यतः मीठ जातें, व तें शहाळ्यांत थोडें असतें. तेव्हां आपल्या पन्ह्यांतील चिमूटभर मिठाची थोरवी यानें कमी होत नाहीं.

प्रफुल्लचंद्र (१८६१–१९४४) हे कोणी सामान्य गृहस्थ नव्हते. एडिंबरो येथें डी. एस्सी. होऊन ते परतले आणि १८८९ पासून प्रेसिडेन्सी कॉलेजांत रसायनशास्त्र शिकवूं लागले. हिंदु रसायनशास्त्राचा इतिहास त्यांनीं दोन खंडांत लिहिला. १९०१ च्या कलकत्ता काँग्रेसनंतर गांधीजी आपल्या गोखल्यांच्या घरीं राहिले होते, तेव्हां गोखल्यांनीं त्यांस या मित्राची ओळख करून दिली. ती आठशें रुपये पगारांतून स्वतःसाठीं अवघे चाळीस ठेवून बाकीचे लोककार्यास देणारा प्राध्यापक म्हणून. गांधीजींनीं आत्मचरित्रांत हें नमूद केलें आहे.

अशा विद्वानास धंद्याचा विटाळ नव्हता. औषधें करण्याचा उद्योग त्यांनीं भाड्याच्या राहत्या घरींच मांडला. सोड्याचें फॉस्फेट काढण्याकरितां खाटिकांकडून हाडें आणून तीं गच्चीवर वाळत घातलीं, तेव्हां शेजाऱ्यांनीं ओरड केली. म्हणून त्यांनीं उद्योग सोडला नाहीं. त्यांतूनच १९०१ सालीं ‘बेंगॉल केमिकल’ ही कंपनी उभी राहिली. सुशिक्षितांनीं नोकरीच्या मागें न लागतां व्यापारांत पडावें, हें ते तरुणांस जन्मभर सांगत राहिले. ज्याच्या हातून परीक्षानळी खालीं ठेवली जात नसे, त्यास सरबताचा पेला हलका वाटला नाहीं. आणि दुकानदारानेंही ती कृति अशी जपली, कीं शंभर वर्षें उलटलीं तरी लोक त्याच पेल्यासाठीं तेथें जातात. विद्येनें बाजारांत उतरावें आणि बाजारानें विद्येचा मान राखावा, याहून दुसरें काय हवें?

येत्या उन्हाळ्यांत घरांतील एखादा तरुण पन्ह्याचा पेला पुढें करून विचारील, “आजीच्या हातची ही चव विकावयास ठेवूं का?” तेव्हां त्यास हंसून वाटेला लावूं नये. पाणी कोठलें वापरशील, बर्फ कोठून आणशील, हिशेब रोजचा रोज लिहिशील काय, आणि दहा वर्षांनीं हीच चव राहील काय, असें त्यास खोदून विचारावें. उत्तरें समाधानकारक मिळालीं, तर भांडवलाचा विचार वडील मंडळींनीं करावा. आणि चवीचा निवाडा आजींवर सोंपवावा.